कुलूप लावलेली सायकल

सिद्धेश्वर धरणाच्या पायथ्याला पाटबंधारे खात्याची जुनी क्वार्टर्स आहेत. त्यातल्या अगदी टोकाच्या दोन खोल्यांत ओमप्रकाश राठोड एकटे राहत. हुद्दा कालवा निरीक्षकाचा. बाकीचे कर्मचारी औंढ्याहून, हिंगोलीहून मोटारसायकलीवर येत आणि पाच वाजले की निघून जात. मग धरणावरचे मासेमार सोडले तर आसपास कुणी नसे.

राठोडांनी बावीस रहस्य कादंबऱ्या लिहिल्या होत्या. संभाजीनगरचा एक प्रकाशक त्या छापायचा, आणि त्या बहुतेक गावोगावच्या वाचनालयांतच जायच्या. सगळ्यांत गुन्ह्याचा छडा लावणारा एकच, निवृत्त तलाठी सटवाजी. हा सटवाजी पिस्तूल बाळगत नव्हता. तो नुसता लोकांच्या ओट्यावर बसून प्रश्न विचारायचा आणि शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना बोलावून गुन्हेगाराचं नाव सांगायचा.

राठोड शेवटचं प्रकरण आधी लिहीत. खुनी कोण हे पक्कं झालं की मग ते लपवत लपवत मागे येत. त्यात सहा-सात महिने जात. तेवढे महिने ती गोष्ट एकट्यानंच पोटात ठेवायची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा बायको मिनानं एकदा विचारलं होतं, "शेवटी कोण निघतो हो?" ते म्हणाले होते, "छापून आल्यावर वाच." त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही, आणि वाचलंही नाही. मुलगी पुजा पुण्याला नोकरीला लागली, तिला मूल झालं, तेव्हा मिना दोन महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली. त्याला दोन वर्षं झाली होती.

तेविसावी कादंबरी चालू असताना, फेब्रुवारीतल्या एका दुपारी, दारात दोघी जणी येऊन उभ्या राहिल्या. एक साठीची, काळा बुरखा, चेहरा उघडा, हातात कापडी पिशवी. दुसरी विशीतली पोरगी, पाठीला कॉलेजची बॅग.

"रहस्यकथा लिहिणारे राठोड सर इथंच राहतात का?" पोरीनं विचारलं.

लिहायला लागल्यापासूनच्या सव्वीस वर्षांत हा प्रश्न विचारत कुणी दारात आलं नव्हतं. राठोड गडबडून उठले. एकुलती खुर्ची त्यांनी म्हातारीला दिली, पोरीला पलंगावर बसवलं आणि स्वतः खिडकीला टेकून उभे राहिले.

पोरीचं नाव आलिया. वसमतला बी.ए. करत होती. म्हातारी तिची आई, खतीजाबी. दोघी हट्ट्याच्या. गावच्या वाचनालयातून आलिया राठोडांची पुस्तकं आणायची आणि आईला वाचून दाखवायची. खतीजाबीला वाचता येत नव्हतं.

"चौदा पुस्तकं ऐकली मी तुमची," खतीजाबी म्हणाल्या. "एका पुस्तकात पण माणूस तसाच ऱ्हायला न्हाई. गायब झाला तर सापडतोच. जित्ता न्हाई तर मेलेला, पण सापडतो. म्हणून आले."

"म्हणजे?"

"आलियाचे अब्बा. शकील त्यांचं नाव. गादी-रजई भरायचं काम होतं आमचं. अकरा वर्षं झाली, सायकलवर औंढ्याला गेले. दुपारपर्यंत येतो म्हणले. सायकल बसस्टँडच्या सायकल स्टँडवर मिळाली, कुलूप लावलेली. माणूस न्हाई मिळाला. तुमी बसा, बराबर विचार करा आन् सांगा."

आलिया खाली बघत होती. आईला समजावून ती थकली असावी, आणि शेवटी सोबत आली असावी.

"खतीजाबी," ते म्हणाले, "पुस्तकात मीच लपवतो. म्हणून मला सापडतं. खरा माणूस मला कसा सापडंल?"

"लपवणाऱ्याला लपवायच्या जागा ठाऊक असतात," त्या म्हणाल्या. "पोलिसाला त्या बी ठाऊक न्हाईत."

नाही म्हणून त्यांना परत पाठवायचं, असं राठोडांनी ठरवलं होतं. पण दोन गाड्या बदलून आलेल्या बाईला पाच मिनिटांत कसं उठवायचं? त्यांनी चहा टाकला. दूध कमी होतं म्हणून स्वतःसाठी कोराच ठेवला. चहा उकळेपर्यंत, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "त्या दिवशी अंगावर काय होतं त्यांच्या?"

खतीजाबींनी पिशवी खाली ठेवली आणि बोलायला लागल्या. आकाशी सदरा, उजव्या खिशाला शाईचा डाग. पांढरा पायजमा. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो त्यांनी गादीच्या लाल दोऱ्यानं शिवलेला. सकाळी ज्वारीची भाकर आणि मेथीची भाजी खाल्ली, भाजीत मीठ जास्त पडलं होतं, पण ते काही म्हणाले नाहीत. निघताना उंबऱ्यावर थांबून म्हणाले, अस्तराचं कापड फुलाफुलाचं आणू का पट्ट्याचं? "मी म्हणले, गिऱ्हाइकाला विचारा, मला काय विचारता. रागानं न्हाई म्हणले, कामात होते. बस, तेवढंच बोलणं."

राठोडांनी लिहायचे कागद ओढले. बोलणं थांबलं तेव्हा पाच वाजत आले होते आणि अकरा पानं भरली होती. चहा दोनदा गरम करावा लागला होता.

"पोलिसांत हे सगळं दिलंय ना?" त्यांनी विचारलं.

आलिया म्हणाली, "सर, तिथं रंग, उंची, वय एवढंच लिहून घेतलं. सदऱ्याचा रंग निळा लिहिला."

"आकाशी होता," खतीजाबी म्हणाल्या.

त्या गेल्यावर राठोडांनी कादंबरी उघडली, पण लेखणी चालेना. त्यांचा सटवाजी म्हणाला असता, कुलूप लावलं म्हणजे माणूस परत येणार होता, म्हणजे त्याला कुणीतरी अडवलं. पुस्तकात ते बरोबर ठरलं असतं. पण माणूस सवयीनं कुलूप लावतो. पुन्हा न येण्यासाठी निघालेला माणूसही लावतो. सायकल काहीच सांगत नव्हती.

तरी रविवारी ते औंढ्याला गेले. सायकल स्टँड कधीच बंद पडलं होतं, तिथे आता मोबाईलचं दुकान होतं. स्टँड चालवणारा खेमा म्हणून एक जण होता आणि तो आता गावाच्या टोकाला मुलाकडे असतो, एवढं त्यांना कळलं. पहिल्या रविवारी तो बाहेरगावी गेलेला. दुसऱ्या रविवारी भेटला. पंचाहत्तरीचा माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू. ओसरीत बाजेवर बसला होता.

राठोड त्याच्या शेजारी टेकले आणि पुस्तकात सटवाजी विचारतो तसंच हळूहळू विचारू लागले. खेमाला सायकल आठवत होती, कारण ती आठ दिवस पडून होती आणि पोलीस येऊन घेऊन गेले होते.

"आन् माणूस?"

"माणसं लई यायची साहेब. ध्यानात कुठं राहतंय." खेमानं बराच वेळ डोकं खाजवलं. "एक आठवतंय. त्यानं सायकल लावली, कुलूप लावलं, चिठ्ठी घेतली. रस्त्यापर्यंत गेला आन् परत आला. मला वाटलं, काही विसरलं. त्यानं निस्तं कुलूप ओढून पाह्यलं, लागलंय का न्हाई. मग गेला."

"कुठल्या गाडीत बसला?"

"ते न्हाई सांगता येत. खोटं काहून बोलू?"

"काही बोलला?"

"न्हाई."

राठोडांनी आणखी दोन रविवार घालवले. जुन्या कापड दुकानदाराला भेटले, बसस्टँडवरच्या चहावाल्याला भेटले. कुणालाच काही आठवत नव्हतं. मिळालं ते एवढंच. रस्त्यापर्यंत गेलेला माणूस मागे फिरला आणि कुलूप ओढून बघून गेला. त्या महिन्याभरात मात्र त्यांनी जेवढ्या माणसांशी बोलणं केलं, तेवढं मागच्या दोन वर्षांत केलं नव्हतं. सोमवारी कालव्यावर फिरताना ते मनातल्या मनात खतीजाबींना काय काय सांगायचं याची जुळवाजुळव करत. कादंबरीचे कागद खिडकीत पडून होते, त्यांवर धूळ बसली.

मार्चच्या शेवटी ते हट्ट्याला गेले. बसमध्ये पूर्ण वेळ एकच विचार चालू होता. एक वाक्य वाढवलं तर काय बिघडेल? शकीलभाई खेमाला म्हणाले, "सायकल सांभाळ, घरी अस्तर न्यायचंय." किंवा नुसतं हसले. खेमाला विचारायला कोण जाणार होतं? असं वाक्य त्यांना दोन मिनिटांत सुचत होतं. खरं वाटेल असं. त्या बाईला उरलेलं आयुष्य ते पुरलं असतं.

खतीजाबींचं घर मशिदीमागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत गाद्या भरायचं काम अजून चालायचं. कोपऱ्यात कापसाचा ढीग होता. आलियानं चटई टाकली, पाणी आणलं. शेजारच्या फरहीन नावाच्या बाई चौकशीला दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"सापडले न्हाईत," राठोडांनी आधी सांगून टाकलं.

खतीजाबींनी मान हलवली. मग राठोडांनी खेमाचं म्हणणं सांगितलं, जेवढं होतं तेवढंच. सांगून झाल्यावर जिभेवर आलेलं ते दुसरं वाक्य त्यांनी गिळलं.

"परत आले व्हते?" खतीजाबींनी विचारलं.

"सायकलपर्यंत. कुलूप पाह्यलं."

"रस्त्यावरून परत आले व्हते," त्या आलियाकडे बघून म्हणाल्या. अकरा वर्षांत नवऱ्याची ही एकच नवी बातमी. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "तुमी लिवून घेतलं व्हतं ना, ते वाचा."

राठोडांनी अकरा पानं काढली. स्वतःचं लिहिलेलं त्यांनी आजवर कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. पहिलं पान ते ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. खतीजाबी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच एकदा थांबवून म्हणाल्या, "मीठ जास्त झालं व्हतं, ते सोडलं तुमी." ते पुढच्या पानावर होतं. ऐकून त्यांचं समाधान झालं. शेवटी राठोडांनी खेमाचं बोलणं बाराव्या पानावर लिहिलं, तारीख टाकली आणि पानं त्यांच्या हातात दिली.

"हे पुस्तकात टाकू नका," त्या म्हणाल्या.

"न्हाई टाकणार."

आलिया पोहे घेऊन आली. खाताना खतीजाबींनी सहज विचारलं, "तुमच्या घरच्या कुठं असतात?"

"पुण्याला. लेकीकडं."

"कवा गेल्या?"

"दोन वर्षं झाली."

"जाताना काय म्हणल्या? तुमी सोडायला गेला असाल."

राठोडांचा घास हातातच राहिला. ते आठवायला लागले. मिना सकाळी गेली की दुपारी? सोबत किती बॅगा होत्या? अंगावर कोणती साडी होती? ती काय म्हणाली? काहीच आठवेना. त्या दिवसांत ते विसाव्या कादंबरीच्या सातव्या प्रकरणावर होते, हे मात्र स्वच्छ आठवलं. त्यात विहिरीवर जाणाऱ्या बाईच्या पायातल्या जोडव्यांपर्यंत सगळं त्यांनी लिहिलं होतं.

"ध्यानात न्हाई," ते म्हणाले.

खतीजाबींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पोह्यांचं पातेलं पुढे ओढलं. "अजून घ्या पोहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी, लिहायच्या वेळेला, राठोडांनी मिनाला फोन लावला. एरवी महिन्यातून दोनदा पुजाच फोन करायची आणि मग आईच्या हातात द्यायची.

"काय झालं?" मिनानं घाबरून विचारलं. "तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. एक विचारायचं व्हतं. तू पुण्याला गेलीस त्या दिवशी कोणती साडी नेसली व्हतीस?"

पलीकडे तिनं भांडं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, "आता काहून?"

"असंच."

"पुस्तकासाठी?"

"न्हाई. मला आठवंना."

मागे कुकरची शिट्टी झाली. "मला तरी कुठं आठवतंय," ती म्हणाली. "मी येते म्हणले, तुमी लिहून राहिले होते. हात वर केला तुमी. तेवढं ठाऊक हाय." आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर राठोडांना बोलायला काही सापडलं असतं.

"गाडीपर्यंत कोण आलं व्हतं?"

"तांड्यावरचा रामसिंग. त्याच्या जीपमधून गेले मी."

"हां."

"रिटायर व्हायला किती राहिलं?"

"चौदा महिने."

"मग?"

"बघू," ते म्हणाले. खरं तर त्यांना आणखी काही म्हणायचं होतं. बाळ कसं आहे ते त्यांनी विचारलं. चालायला लागून वर्ष झालं, ती म्हणाली. मग दुसरी शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला.

तेविसावी कादंबरी त्यांनी पूर्ण केली नाही. प्रकाशकाचे दोन फोन आले, तिसरा आला नाही. जूनमध्ये आलियाचा मेसेज आला की अम्मीनं ती पानं पोलीस ठाण्यात नेली, आणि तिथल्या एका नव्या पोलीस बाईंनी सगळी वाचून सदऱ्याचा रंग दुरुस्त करून घेतला. बाकी काही घडलेलं नव्हतं. राठोडांनी तो मेसेज दोनदा वाचला. "अम्मीला सलाम सांग," एवढंच उत्तर दिलं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा पुण्याला फोन लावला. मिनानं उचलला नाही. नातवाला आणायला गेली असेल, त्यांना वाटलं. पण तो कोणत्या बालवाडीत जातो, ती किती वाजता सुटते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खालच्या लहान कालव्यावरून पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची हाक आली, तसे फोन खिशात टाकून ते बाहेर पडले. परत आल्यावर पुन्हा लावायचा होता.