फिल्टरच्या पाच शिट्ट्या

इस्पितळात तिला सगळे उकळीताई म्हणत. अर्थात पाठीमागे, पण भिंतींना कान असतात तसे तिलाही होते. निर्जंतुकीकरण विभागाची ती प्रमुख. कात्री असो, चिमटा असो, तिच्या यंत्रात वाफ खाऊन आल्याशिवाय कुठलीच वस्तू शस्त्रक्रियेच्या टेबलावर जात नसे. चोवीस वर्षं हेच काम. माणूस एकाच कामात इतका मुरला की सगळं जग त्याला त्याच कामासाठी मांडून ठेवल्यासारखं दिसू लागतं. तिला जग दिसायचं ते दोन भागांत, उकळलेलं आणि उकळायचं राहिलेलं.

तिचे वडील एकटे राहायचे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. एका सकाळी ते न्हाणीघरात पडले आणि खुबा मोडला. शेजारणीला त्यांची हाक ऐकू येईपर्यंत दीड तास ते ओल्या फरशीवर पडून होते. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, आणि उकळीताईने जाहीर केलं, "बाबा, आता कायमचं आमच्याकडे."

"पाय बरा होईपर्यंत येतो," बाबा म्हणाले. "काठी सुटली की माझ्या घरी. आणि मासे माझ्याबरोबर येतील."

तिने मान डोलावली. आधी माणूस तर घरात येऊ दे, पुढचं पुढे, असा तिचा हिशेब. त्यांनी पुन्हा एकट्याने त्या जिन्याने वर जावं आणि पुन्हा त्या फरशीवर पडावं, हा विचार तिला सहन होत नव्हता. पण बाबांना जबरदस्तीने ठेवून घेईल असा माणूस अजून जन्माला यायचा होता.

मासे म्हणजे चार फुटी काचेची टाकी, सहा चपटे एंजल आणि तळाशी उकरत फिरणारे पाच मिशीवाले. टाकीखालच्या कपाटात फिल्टरचा बादलीएवढा डबा. बाबा इस्पितळात असतानाच दोन माणसं लावून हे सगळं लटांबर तिच्या घरी आणलं. बाबांनी खाटेवरून सूचना दिल्या होत्या. फिल्टर आतून ओला राहिला पाहिजे, तासाभरात पुन्हा चालू झाला पाहिजे, आणि मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. सूचना तिने ऐकल्या. रुग्ण बरंच काही बोलत असतात, हेही तिला अनुभवाने माहीत होतं.

बाबांना घरी सोडायला चार दिवस असताना तिने तो डबा उघडला. त्यांनी घरात पाऊल टाकावं आणि सगळं लख्ख दिसावं, एवढीच बिचारीची इच्छा. आत तीन चाळण्या होत्या. खालच्या चाळणीत जाड स्पंज, मधल्या चाळणीत चिनी मातीच्या बोटभर नळ्या, सगळ्यात वर कापसासारखा पांढरा थर. पांढरा म्हणजे कधीकाळी पांढरा. आता सगळ्यावर तपकिरी, बुळबुळीत चिखल होता. तिच्या विभागात असं काही सापडलं असतं तर तिने त्याच दिवशी तिघांना मेमो दिले असते.

"राहू दे ना," नवरा दारातून म्हणाला. "बाबा नको म्हणाले होते."

"बाबांना काय दिसतंय? चष्म्याच्या काचा तरी पुसतात का ते?"

वरचा थर तिने कचऱ्यात टाकला. स्पंज भांड्यांच्या साबणाने, गरम पाण्यात, तीनदा धुतला. नळ्या कुकरमध्ये घातल्या आणि पाच शिट्ट्या काढल्या. बाहेर आल्या तेव्हा दुधाच्या दातांसारख्या पांढऱ्या होत्या. एक नळी तिने नवऱ्याला मुद्दाम नेऊन दाखवली.

आता ज्याने मासे पाळलेत तो इथेच कपाळाला हात लावेल. मासे जिथे राहतात तिथेच घाण करतात, त्या घाणीतून अमोनिया सुटतो, आणि अमोनिया माशांना विष. तो खाऊन पाणी जगण्यासारखं ठेवतात ते त्या चिखलातले जंतू. स्पंज नि नळ्या म्हणजे त्यांची घरं. उकळीताईला हे माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर तिने पुरवणी मागितली असती. पण घाण समोर दिसली की तिचे हात डोक्याला विचारायला थांबत नसत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. दुपारपर्यंत एक एंजल आडवा झाला. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात तिने झालेलं सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, "किती शिट्ट्या?"

"पाच."

"मग कोणी राहिलं नसणार."

सवयीने त्याने काउंटरवर माल मांडला. कोळशाची पुडी, कसल्याशा पांढऱ्या खड्यांची पिशवी, जंतूंची बाटली. तिने एकेक वस्तू उचलून मागचं लेबल वाचलं आणि विचारलं, "यातलं नक्की काय काम करतं?"

असं कुणी विचारत नसावं. त्याने पुडी बाजूला सारली. "कोळशाने पाण्याचा रंग जातो, वास जातो. अमोनिया नाही जात. हे खडे काही दिवस अमोनिया ओढतात, मग संपतात. बाटलीतले जंतू कधी जिवंत असतात, कधी नसतात. खरं सांगू का ताई? चालू टाकीतला घाण स्पंज आणा. मीच दिला असता, पण माझ्या टाक्यांत सध्या पांढऱ्या ठिपक्यांची साथ आहे. औषधाऐवजी दुखणं न्याल."

पाणी तपासायची पेटी तेवढी तिने घेतली. काचेच्या छोट्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं आलं तर पाणी चांगलं, हिरवं आलं तर अमोनिया. तिच्या टाकीचं पाणी गर्द हिरवं आलं.

चांगली चालू टाकी तिला एकच माहीत होती, तिच्याच इस्पितळात, लहान मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात. ही टाकी म्हणजे जंतूंचं आगर आहे, ती ताबडतोब हलवावी, असं पत्र तिने तीन वेळा वर पाठवलं होतं. टाकी सांभाळायचे तिथले वॉर्डमामा. पोरं सुई टोचताना माशांकडे बघतात नि रडायची थांबतात, एवढं एकच उत्तर ते तिन्ही वेळा देऊन आले होते, आणि टाकी राहिली होती.

"मामा, तुमच्या फिल्टरमधला थोडा स्पंज हवा होता," ती म्हणाली.

"धुऊन देतो."

"नको, न धुतलेला."

मामांनी हातातला रुमाल खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं, शिट्ट्यांसकट. मामा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "तुमची तीन पत्रं आहेत," ते म्हणाले. "आता हेही लेखी द्या."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे मामा गाढव नव्हते, आणि गाढव कोण ते तिला पुरतं कळलं होतं. तिने कागद घेतला. सदर टाकीतील जंतूंची मला तातडीची गरज आहे, असं लिहून खाली सही केली. मामांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि फिल्टर उघडून निम्मा स्पंज कापून दिला. त्यातून काळं पाणी ठिबकत होतं. टाकीच्याच पाण्याने भरलेल्या पिशवीत तो घेऊन, पिशवी मांडीवर धरून, ती रिक्षाने घरी आली.

स्पंज लगेच फिल्टरमध्ये बसवला, तरी आणखी एक एंजल गेला. बाबा वॉकर धरून घरात आले, खुर्चीत बसायच्या आधी टाकीपुढे उभे राहिले आणि त्यांनी मासे मोजले. नऊ. सबब सांगायला जागा होती, टाकी हलवताना धक्का बसला म्हणता आलं असतं. तिने ते केलं नाही.

"कुकरमध्ये?" बाबा म्हणाले.

"हो."

संध्याकाळपर्यंत ते टाकीपुढेच बसून राहिले. मग म्हणाले, "जावयाने केलं असतं तर समजलो असतो. तू तर जंतूंवर पगार घेतेस." टाकीकडे बघत पुढे म्हणाले, "हे नवे जंतू बसेपर्यंत टाकी हलायची नाही. हलली तर उरलेले मासेही जातील. रोज सकाळी पाणी तपास. पाणी पिवळं झालं की मासे आणि मी निघालो."

तिला लाज वाटली होतीच. पण त्या क्षणी तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली. पाणी हिरवं येईल तितके दिवस बाबा तिच्या घरात राहणार होते.

मग रोजचा रिवाज सुरू झाला. सात वाजता नळी, थेंब, पाच मिनिटं वाट, खिडकीशी धरून बघणं. बाबा खुर्चीतून हुकूम सोडत. पाणी बदल, पण पाव टाकीच. स्पंज पीळ, पण टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत. नळाखाली नेलास तर बघ. वरचा पांढरा थर तेवढा खुशाल फेकून नवा घाल, तो गाळ अडवायला असतो. फिल्टरमधल्या चिनी मातीच्या नळ्या काढून सगळीकडे स्पंजच भरायचा का, असं तिने विचारलं, तर त्यांनी अर्धा तास नळ्यांची बाजू लढवली. इतकं ते आई गेल्यापासून तिच्याशी कधी बोलले नव्हते. तिने बोटांनी चिखल दाबला आणि हात लगेच धुतले नाहीत, हे नवऱ्याने पाहिलं आणि तो शहाण्यासारखा पेपरमागे गेला.

हिरवा रंग आठवड्याआठवड्याने फिका होत गेला. वॉकर सुटला, काठी आली. मग काठीही खुर्चीला टेकून राहू लागली. बाबांनी शेजारणीला फोन करून घराच्या खिडक्या उघडायला सांगितल्या आणि बॅग भरून दाराशी ठेवली. उकळीताईने त्यांना थांबा म्हटलं नाही. दोनदा म्हणून झालं होतं, आणि दोन्ही वेळा नाही ऐकून झालं होतं.

त्रेचाळिसाव्या दिवशी तिने नळी खिडकीशी धरली. पाणी पिवळं होतं. फिकं, स्वच्छ, शंकेला जागा नसलेलं पिवळं. तिने पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले, पुन्हा पाच मिनिटं थांबली. तेच.

"काय आलंय?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

तिच्या डोळ्यांपुढे जिना आला, न्हाणीघर आलं, दीड तास आला. "थोडं हिरवं वाटतंय अजून," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिचा आवाज तिलाच परका वाटला.

बाबा उठले, काठी न घेता चालत आले. तिच्या हातातून नळी घेऊन त्यांनी ती उजेडात धरली. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने काचा नीट पुसल्या, पुन्हा घातला आणि बराच वेळ पाहिलं. ती खाली मान घालून उभी राहिली.

"हो," ते म्हणाले. "हिरवंच आहे. महिनाभर तरी काही हलवता यायचं नाही."

नळी त्यांनी तिच्या हातात परत दिली. मग दाराशी गेले, बॅग उचलून आत नेली आणि एकेक कपडा काढून कपाटात लावू लागले.