अस्वलआप्पाची चाल

"जरा चालून दाखवा बरं, आप्पा," पोपटराव म्हणाले. "ह्या खांबापासनं त्या खांबापतोर. सगळ्यास्नी बघू द्या. मग बोला म्हणावं, माझं काय चुकलं."

बानू जागची हलली नाही. अस्वलाच्या मुंडक्यात घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात आत जात नव्हता. तोंडाच्या जाळीतून समोरचं तेवढं दिसायचं. समोर तपकिरी टी-शर्टांचा घोळका होता. प्रत्येकाच्या छातीवर एकच चित्र: खाकी कोट घातलेलं, डावा पाय वाकडा टाकत चाललेलं अस्वल.

मोबाइलवर 'अस्वलआप्पा' नावाचं कार्टून आलं. जंगलखात्यात नोकरी करणारं म्हातारं अस्वल. ते चाललं, मग त्याचा सिनेमा आला, मग पार्ट टू. केडगावच्या अलीकडे हायवेला लागून जंगलनगरी नावाचं पार्क उभं राहिलं, त्यात 'आप्पाची गुहा' झाली. ट्रॉलीत बसायचं, अंधारातून फिरून यायचं, बाहेर पडताना दारात खरा आप्पा हात हलवत उभा. तो खरा आप्पा म्हणजे बानू. आता दिवाळीनंतर गुहा पाडून तिथं पार्ट टूची राइड बसणार होती, माणसांना उलटं टांगून फिरवणारी. म्हणून शिरूर-दौंडचे सगळे आप्पाप्रेमी आज रविवारी गोळा झाले होते आणि सकाळपासून भांडत होते.

"गुहा हाय म्हणून आप्पा हाय," पोपटराव म्हणाले. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. आवाज अजून भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत जाईल असा. "गुहेत आप्पा कंदील लावतो, चहा करतो, पिल्लं निजवतो. तुमच्या पार्ट टूमधी काय हाय? नुसती माकडं बाँब टाकत्यात."

"काका, पार्ट टू आला म्हणून आप्पा लोकांना कळला," स्नेहल म्हणाली. ती शिरूरची, तिकडच्याच एका कंपनीत अकाउंटला होती. आप्पावर तिचं यूट्यूब चॅनल होतं. "राइड नवी झालीच पाहिजे. माझं भांडण वेगळं आहे. सिनेमावाल्यांनी आप्पाची लंगडी चाल घेतलीच नाही, त्याचं काय?"

"कार्टूनमधी तरी कुठं हाय लंगडी चाल?"

"सापळ्याचा भाग विसरलात? पिल्लाला सोडवताना आप्पाचा पाय सापळ्यात अडकतो. पुढच्या भागात त्याचे पाय दाखवतच नाहीत. का दाखवत नाहीत? ते फक्त ह्या पार्कनं ओळखलं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून इथला आप्पा लंगडतोय. किती बारीक विचार केलाय कुणीतरी!"

कुणीतरी. बानूच्या जिभेवर शिवी आली आणि तिथंच बसली. आप्पा बोलत नाही. आप्पा बसत नाही. मुंडकं लोकांसमोर काढायचं नाही, चक्कर आली तरी. कामाला लागताना हे सगळं तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

"बारीक विचार हाय, मला मान्य," पोपटराव म्हणाले. "पर आता अती झालंय. गेल्या वर्साला मापात लंगडायचा. काळजाला लागायचं बघा. आता नुसता फेंगडा चालतोय. ओव्हरॲक्टिंग! चला आप्पा, दाखवाच."

बानू चालली. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत.

"हे बघा! हे बघा!" पोपटराव ओरडले आणि सगळे मोबाइल वर गेले. "सांगा आता, असं कोण लंगडतं का?"

असं कोण लंगडतं? ज्याचा पाय लोखंडी चाकाखाली जातो तो लंगडतो. त्यात कुणाचा बारीक विचार नसतो.

बानू आधी केडगावच्या बाजारात कांदा निवडायची. उन्हात पाठ भाजायची, त्यापेक्षा हे बरं म्हणून ती इथं आली. नात्यातल्या बायका विचारायच्या, काय काम करतेस? ती म्हणायची, अस्वल हाय. सगळ्या हसायच्या, तीही हसायची. काम अंगाचं पाणी काढणारं होतं, पण एक गोष्ट तिला कांद्यात कधी मिळाली नसती. पोरं येऊन मिठी मारायची. कुणाची कोण, पोटात तोंड खुपसून उभी राहायची, सोडायची नाहीत. त्या वेळी आत बानू डोळे मिटून घ्यायची.

अस्वलाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून पार्कात पद्धत आहे: प्रत्येक मुंडक्यामागे एक हेल्पर. तो पंजा धरून चालतो. पंजा एकदा दाबला की पायरी आहे, पाय उचल. दोनदा दाबला की थांब. गेल्या वर्षी मे महिन्यात गर्दी इतकी झाली की सुपरवायझर गोकुळनं सगळे हेल्पर तिकिटाच्या रांगेकडे पळवले. आप्पा काय, नुसता हात तर हलवायचाय. बानू गुहेच्या दारात एकटी उभी होती. एका पोरानं मागून कोट ओढला, ती वळली, पाय रुळावर पडला. पंजा दाबायला कुणी नव्हतं.

अस्वल ओरडलं, तेव्हा ट्रॉलीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गोकुळनं तिला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. वाटेत म्हणाला, "घरी बाथरूममधी पडले म्हणून सांगा. पार्कचं नाव निघालं तर टाळं लागंल. समद्यांची पोटं हायती ह्याच्यावर." दुखण्यानं ती अर्धी झाली होती. बाथरूम म्हणाली. पावसाळ्यात परत कामावर आली ती लंगडतच, आणि स्नेहलनं त्याचा व्हिडिओ केला. लोक वेडे झाले. पार्कच्या कंपनीनं 'आप्पासारखं चाला' अशी स्पर्धा ठेवली, टी-शर्ट छापले, कपांवर वाकडा पाय आला. हाड मात्र वाकडंच जुळलं होतं आणि आता रोज वाढत्या कळा मारत होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. तेव्हापासून बानूचं एकच मागणं होतं: माझा पाय इथं मोडला, एवढं कंपनीनं कबूल करावं. आज मोठे साहेब आले होते. गोकुळ त्यांच्याशी बोलणार होता.

मागच्या खोलीत मुंडकी खिळ्यांना टांगलेली. हरीण, माकड, ससे. सगळी हसणारी. शितल नावाची राहू गावची मुलगी सशाच्या सोंगात होती, तिनं बानूचं मुंडकं उतरवून खिळ्याला टांगलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"भाभी, आधी पाणी. बोलू नका. तोंड बघा तुमचं, वाफाळलंय."

तेवढ्यात गोकुळ आला. वडगाव रासाईचा. आधी तो स्वतः माकड होता. आता कमरेला वॉकीटॉकी होता.

"बानूताई, साहेबांशी बोललो."

"पायाचं?"

"चालीचं." त्यानं नजर खिळ्यांवरून फिरवली. "फॅन लोकांनी लई बोंब मारलीय. साहेब म्हणले, ही चाल आता आपल्या पार्कची वळख हाय, ती बिघडून चालायचं न्हाई. आजपासनं आप्पा शितल. चारच्या भेटीला ती मुंडकं घालंल, तुम्ही हेल्पर. तवर तिला चाल शिकवा. मापात बसवा."

"आन् ऑपरेशन?"

"ते बघू म्हणले."

"बघू न्हाई, गोकुळ. तुमच्या ट्रॉलीखाली माझा पाय गेला, एवढं एक तोंडानं म्हणा. पुढचं माझं मी बघते."

"तुम्हीच डॉक्टरला बाथरूम म्हणला व्हता."



"मी म्हणले व्हते?" बानू उठून उभी राहिली. "तू माझ्या उशाला उभा व्हतास. तापातल्या माणसाला चमच्यानं पाणी पाजावं तसा तू त्यो शब्द माझ्या तोंडात घातलास. आन् हेल्पर कुणी काढला व्हता त्या दिवशी? माकड व्हतास तवा तुझा पंजा कोण धरायचं रे?"

"हळू बोला. बाहेर पब्लिक हाय."

"का? अस्वल बोलत न्हाई, व्हय? मुंडकं हितं खिळ्याला हाय. हे माझं तोंड हाय."

गोकुळ दारापर्यंत गेला आणि थांबला. "चाल शिकवली तर लॉकरच्या काउंटरला बसून काम हाय. न्हाई शिकवली तर साहेबांकडं दुसऱ्या बाया हायती. मी काय करू? मलाबी घर हाय." तो गेला.

शितल सशाचे पाय काढून उभी होती. "भाभी, मी न्हाई म्हणू का?"

"म्हणशील?"

शितलनं मान खाली घातली. राहूला तिच्या घरी खाणारी तोंडं किती आणि कमावणारी ती एकटी, हे बानूला ठाऊक होतं. तिनं अस्वलाचं मुंडकं खिळ्यावरून काढून शितलच्या हातात दिलं.

"घाल. चाल बघू."

शितल चालली. उजवा पाय ओढत.

"डावा गं," बानूच्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्यावर स्वतःचीच किळस आली. आपला मोडलेला पाय आपणच दुसऱ्याला बसवून द्यायचा, तोही नीट बसतोय का ते बघत. तरी ती बोलत राहिली. "टाच टेकायची न्हाई. टेकली की कळ डोक्यात जाते. टेकायच्या आधीच अंग उचलून घ्यायचं."

"कळ कशी दाखवू, भाभी?"

"दाखवायची न्हाई. लपवायची. मी तेच करते दिवसभर. बाहेरनं त्याला लंगडणं म्हणत्यात."

चार वाजता गुहेसमोर घोळका पुन्हा जमला. आप्पा आला. पंजा धरून शेजारी बानू, पार्कच्या हिरव्या टी-शर्टात, उघड्या चेहऱ्यानं. इतक्या महिन्यांत ह्या माणसांनी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं आणि कुणी पाहिलंही नाही. सगळे आप्पाचा पाय बघत होते.

"वा!" पोपटरावांनी मांडीवर थाप मारली. "ह्यो आपला आप्पा! आता बसली मापात. सकाळी काय झालं व्हतं कुणास ठाऊक."

"मी म्हणत होते ना, सूचना दिल्या की पार्कवाले ऐकतात," स्नेहल मोबाइलकडे बघून म्हणाली. ती लाइव्ह होती. "मित्रांनो, बघा, ओरिजिनल चाल परत आली."

मग पोपटरावांची नजर बाजूला गेली.

"ओ ताई. तुम्ही कशापायी लंगडताय? आप्पाची नक्कल आप्पाच्याच म्होरं? बरं दिसत न्हाई ते."

लोक हसले. "त्यापण फॅन असतील," कुणीतरी म्हणालं.

बानू थांबली. तिनं पंजा सोडला नाही.

"नक्कल?" ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण हसणं बंद पडलं. "काका, तुम्ही छातीवर जो पाय छापलाय, त्यो ह्यो. सकाळी चालून दाखव म्हणला, तवा आत मी व्हते. ह्या गुहेच्या ट्रॉलीखाली गेलाय माझा पाय, हितं, ह्या रुळावर. मी आतून बोंबलत व्हते आन् पोरं टाळ्या वाजवत व्हती. कंपनी म्हणते बाथरूम. तुम्ही म्हणता सापळा. बूट काढू? बघता का पाय?"



स्नेहलचा मोबाइल अजून वर होता. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "सापळ्याच्या भागाशी ह्याचा काही संबंधच नव्हता?"

"मग चाल खरी धरायची का न्हाई आता?" मागून एकजण.

"पार्कनं दाखवली म्हणजे खरीच की."

"छे! ॲक्सिडेंटनं झालेली चाल कशी धरणार? उद्या कुणाचा हात मोडला तर आप्पा थोटा म्हणायचा का?"

"मग टी-शर्टचं काय?"

लागले भांडायला. बानू त्यांच्या मधोमध उभी, पाय बुटातच. तिचा पाय वादात घेतला होता, तिला नाही.  फक्त पोपटरावांनी तिच्या बुटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या छातीवरच्या चित्राकडे, आणि हातातली पिशवी छातीशी धरली.

गोकुळ गर्दी फाडत आला. "बानूताई, आवरा! तुमचं काम संपलं हितलं, समजलं का? जावा घरी! आन् शितल, तू चाल! थांबू नको, लंगडत ऱ्हा!"

आप्पाचं नाव शितल आहे, हे सगळ्या शिरूर-दौंडला त्या घडीला कळलं.

अस्वल जागेवर उभं होतं. त्या मुंडक्यात आता घाम कुठं उतरत असेल, हे तिथं एकट्या बानूला माहीत होतं. मग अस्वलानं डावा पाय उचलला आणि पुढं ठेवला. टाच टेकवून. सबंध.

दुसरा टाकला. तोही सरळ.

"चाल! आप्पा, चाल!" लोक ओरडायला लागले. "ओ, चाल चुकली!"

"शितल, डोकं फिरलं का तुझं?" गोकुळ ओरडला. "तुझीबी नोकरी..."

अस्वल बोललं नाही. बानूचा हात धरून ते मागच्या खोलीच्या वाटेला लागलं. अस्वल ताठ चालत होतं. लंगडत होती ती फक्त बानू. कसलंच माप न ठेवता, जितकं दुखत होतं तितकं.

वाटेत ट्रॉलीचा रूळ आडवा होता. गुहेतून घंटा वाजली. बानूनं पंजा दोनदा दाबला. अस्वल थांबलं. ट्रॉली खडखडत बाहेर आली, आतल्या पोरांनी हात हलवले आणि ती वळून गेली.

मग बानूनं पंजा एकदा दाबला.

"रूळ हाय," ती म्हणाली. "पाय उचल."