तळहातावरचं लाल

लढाईवरून परतलेल्या हंबीररावानं बायकोपुढं जोतिबाची शपथ घेऊन अफू सोडली होती. तरी सांगलीच्या बाजारातून त्यानं चोरून अफूची पूड आणलीच. गोठ्यात बसून, तंबाखूच्या सवयीनं, त्यानं ती पूड चुना लावून अंगठ्यानं मळली, तर तळहात रक्तासारखा लालभडक!

"मेलो गं राही! जोतिबा कोपला!" बोंबलत तो अंगणात आला आणि सगळं कबूल करून बसला.

राहीबाईनं त्याचा हात हुंगला. "आवं, निम्मी हळद हाय ही. चुना लागला की लालच हुती. लुबाडलं तुमास्नी."

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"ते माझं मी ठरवीन," म्हणत तिनं त्याच्या तळहातावर बोट फिरवलं आणि त्याच लालीचं ठसठशीत कुंकू आपल्या कपाळाला लावलं.