असूदेशेठची भट्टी

बेकरीवाल्याला सगळे असूदेशेठ म्हणत. उधारी थकवणाऱ्यालाही 'असू दे', डझनावर दोन पाव फुकट उचलणाऱ्यालाही 'असू दे'. नाही म्हणणं आणि स्वतःसाठी काही मागणं, या दोन गोष्टी देव त्यांना द्यायच्या विसरला होता.

भट्टीची फरशी मधोमध तडकली होती. अर्धे पाव करपत, अर्धे कच्चे राहत. एका इस्पितळाने रोजच्या पावाची ऑर्डर देऊ केली होती, पण नवी भट्टी असेल तरच. ही ऑर्डर हातची गेली, तर दोन्ही कारागिरांना घरी बसवावं लागणार होतं. म्हणून बायकोने शेठना कर्जासाठी बँकेत पिटाळलं. पहिल्या खेपेला ते विम्याची पॉलिसी घेऊन परतले. दुसऱ्या खेपेला मुदत ठेव करून आले.

"अहो, मागायला गेला होतात की द्यायला?"

"अगं, त्या मॅनेजरबाई म्हणाल्या, वर्षअखेर आहे, टार्गेट पुरं व्हायचंय. बिचाऱ्या!"

बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या खेपेला ती स्वतःच बरोबर निघाली. आदल्या संध्याकाळी मैदा मळायच्या टेबलामागे मॅनेजर होऊन बसली आणि शेठकडून सगळं घोकून घेतलं. घरी शेठ पोपटासारखे बोलले. बँकेत मात्र खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकले.

"बोला शेठ, काय काम काढलंत?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"काही नाही, सहजच."

बायकोने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. उपयोग शून्य. मग तिनेच तोंडाचा पट्टा सोडला: भट्टी, इस्पितळ, कारागीर. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, धंदा यांच्या नावावर, कर्ज फेडणार हे. मला यांच्या तोंडून ऐकायचंय. माझ्याकडे मागायला कचरणारा माणूस उद्या गिऱ्हाइकाकडे पैसे कसे मागणार?"

म्हणणं रास्त होतं, म्हणूनच बायकोला जास्त झोंबलं. 'बोला की आता!' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती. हे आणा, तिकडे जा, उठा, बोला. तिने शेठकडे कधी काही मागितलंच नव्हतं. आता मागायचं म्हटल्यावर तिलाही ते जड गेलं. तिला नवऱ्याची कीव आली आणि स्वतःचा राग.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला भट्टी हवीय. मिळवून द्याल?"

शेठनी तिच्याकडे पाहिलं. खुर्ची पुढे ओढली. भट्टीची किंमत, महिन्याचा हप्ता, उधारी कुणाकडे किती अडकलीय आणि ती कशी वसूल करणार, एका दमात सगळं सांगून टाकलं. उद्यापासून फुकटचे पावही बंद म्हणाले.

बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "खातं तर चोख आहे तुमचं. पुढच्या आठवड्यात मंजूर करून देते. पण शेठ, हे आधीच का नाही बोललात?"

"आधी हिने मागितलं नव्हतं," शेठ म्हणाले.