माल वर, माल खाली

मास्तरांनी आयुष्यात कधी खडू हातात धरला नव्हता. पण कारखान्यात येणारा प्रत्येक नवा माणूस आधी त्यांच्या हाताखाली घासूनपुसून निघायचा, म्हणून ते मास्तर. कारखाना ब्युटाइल ब्रोमाइड बनवायचा. ब्युटेनॉल नावाचं अल्कोहोल, हायड्रोब्रोमिक आम्ल आणि जोडीला सल्फ्युरिक आम्ल हे सगळं रिअ‍ॅक्टरमध्ये उकळायचं, वाफ थंड करून कच्चा माल गोळा करायचा आणि मग तो वेगळ्या टाकीत धुवायचा. उकळायला काय, कोणीही उकळेल, असं मास्तर म्हणत. खरी गंमत धुण्यात.

कारण धुताना माल जागा बदलतो. पाण्याने धुतला की ब्रोमाइड जड म्हणून तळाशी बसतं आणि पाणी वर राहतं. त्यानंतर, उरलंसुरलं अल्कोहोल काढायला तीव्र आम्लाने धुतला की आम्ल त्याहूनही जड, ते खाली जातं आणि माल वर येतो. दोन्ही थर दिसायला सारखेच नितळ, काचेतून मधली रेघ तेवढी दिसते. तळाची तोटी उघडण्याआधी खाली काय आहे हे नक्की माहीत नसेल, तर मग कपाळावर हात मारून घ्यायचा.

म्हणून पाळी बदलताना मास्तरांनी एक खूण ठरवून दिली होती. तोंडावर मास्क, कानाशी पंपांचा गोंगाट, बोललेलं ऐकणार कोण? तळहात वर केला की माल वर. तळहात जमिनीकडे केला की माल खाली. आणि खूण मिळाली तरी येणाऱ्याने तळाचा थेंब काढून ग्लासभर पाण्यात सोडायचा. मण्यासारखा तळाला बसला तर माल, पाण्यात विरून गेला तर आम्ल. हा नियम साहेबांनी केलेला, पण त्यावर करडी नजर मास्तरांची.

फक्त एका माणसाच्या बाबतीत ते स्वतः हा नियम पाळत नसत. तो माणूस म्हणजे गुंड्या, त्यांचा मेव्हणा. लहानपणी गोलमटोल होता, आता वाळून काटकी झाला तरी नाव काही सुटलं नाही. साहेबांकडे शब्द टाकून मास्तरांनीच त्याला इथे चिकटवला, आम्लाची तोटी कशी धरायची इथपासून शिकवलं. आपल्याच माणसाने खूण केली आणि त्याच्या डोळ्यांदेखत आपण थेंब तपासायचा, हे त्यांना त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं वाटे. चूक होती, पण ती मायेने होत होती.

त्या सकाळी गुंड्याची पाळी संपली. जिन्यावर दोघांची गाठ पडली. गुंड्याने जांभई दाबत तळहात वर केला. माल वर. म्हणजे आम्ल घालून झालं. मास्तरांनी मान हलवली, वर गेले आणि तळाची तोटी वापरलेल्या जुन्या आम्लाच्या टाकीकडे सोडली.

खालचा थर सगळा निघून गेला तेव्हा त्यांनी उरलेल्याचा नमुना काढला. ब्रोमाइडचा गोडसर वास नाही की काही नाही. साधं पाणी! मान वर करून पाहतात तर आम्लाची मोजटाकी काठोकाठ भरलेली. गुंड्याने आम्ल मोजून वर चढवलं होतं, पण धुण्याचं पाणी काढून ते खाली मालात सोडायचं विसरून गेला होता. सगळा माल जुन्या घाणेरड्या आम्लात जाऊन काळा पडला होता.

तो दिवस मास्तर त्या टाकीपाशीच राबत राहिले. मनाशी म्हणत होते, ठीक आहे, उद्या चौकशीत गुंड्या म्हणेल, आम्ल सोडायला विसरलो, खूण चुकीची केली. आपण म्हणू, थेंब बघितला नाही. दोघं मिळून बोलणी खाऊ. पाळीप्रमुखाची जागा रिकामी होत होती आणि ती मास्तरांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते. आता कदाचित ती लांबेल. लांबू दे, चूक वाटून घेतली की हलकी होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोर उभं केलं.

"खूण काय केली होतीस?"

गुंड्याने हात पुढे केला आणि तळहात जमिनीकडे वळवला. "माल खाली."

मास्तरांना वाटलं, पोरगा घाबरलाय. "अरे गुंड्या, नीट आठव. वर केला होतास ना हात?"

"नाही भाऊजी." तो त्यांच्याकडे न बघता साहेबांकडे बघत बोलला. "साहेब, मोजटाकी भरलेलीच सापडली ना? आम्ल घातलंच नव्हतं, तर माल वर असं मी कशाला सांगेन?"

बोलणं अगदी बिनतोड होतं. ते घडवायला रात्रभर विचार केलेला दिसत होता. स्वतःची चूकच त्याने साक्षीला उभी केली होती.

"मास्तर, थेंब बघितलात?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"सगळ्यांना शिकवता तुम्ही. का नाही बघितलात?"

मास्तरांनी तोंड उघडलं. त्याने सांगितलं म्हणून, एवढंच उत्तर होतं, आणि ते आता कुठल्या तोंडाने द्यायचं? पाळीप्रमुखाची जागा गेलीच, शिवाय उद्यापासून त्यांनी मागच्या आवारात पिंपं धुवायची आणि धुण्याच्या टाकीवर त्यांच्या जागी गुंड्या, असं ठरलं.

घरी आले तेव्हा उन्हं उतरली होती. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला. मास्तरांनी तो तसाच खाली ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला.

"माझ्या तोंडावर खोटं बोलला गं! ज्याला हाताला धरून शिकवलं, त्याने हात फिरवला!"

बायको पदराचं टोक पिळत उभी होती. तिने कशाचंच नवल केलं नाही, की काय म्हणता असंही म्हणाली नाही. मास्तर बोलता बोलता थांबले.

"तुला ठाऊक होतं?"

"काल आला होता तो, तुम्ही टाकीपाशी अडकला होतात तेव्हा. ढसाढसा रडला. अहो, त्याची नोकरी अजून कच्ची आहे, त्याला तिथल्या तिथे काढलं असतं. तुम्ही जुने. तुम्हाला काय, जरा ओरडतील आणि सोडून देतील, असं वाटलं मला."

"म्हणजे?"

"मीच म्हटलं त्याला, खाली होता असं सांग म्हणून."

मास्तरांना गुंड्याचा राग आला होता, तो अंगात मावत नव्हता. पण आता आलं ते रागासारखं नव्हतंच. आतून सगळं थंड पडत गेलं. ते साहेबांसमोर उभे असताना, गुंड्याला नीट आठव म्हणून चुचकारत असताना, त्यांच्याच स्वयंपाकघरात त्यांचा निकाल आधीच लागलेला होता.

"मला विचारायचंस तरी," ते म्हणाले. "मी स्वतःहून घेतलं असतं अंगावर."

बायको रडू लागली. एरवी तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मास्तर विरघळायचे. आज ते भिंतीकडे बघत बसले.

जेवणं कशीबशी झाली. बायकोने दूध तापवलं, ओटा पुसला, हात कोरडे करत बाहेर आली.

"गॅस बंद केलाय मी," ती रोजच्यासारखं म्हणाली.

मास्तर उठले, स्वयंपाकघरात गेले आणि वाकून बटण हाताने फिरवून पाहिलं. बंद होतं. मागे वळले तेव्हा ती दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.