अनुपस्थिती प्रार्थनीय

कानाच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही, ते काही आळसाने नव्हे. उत्तरं मी बरीच लिहिली. पेटीत एकही पडलं नाही, एवढंच.

पत्र म्हणजे खरं तर लग्नाची पत्रिका होती. साथीचे दिवस, घराबाहेर पडायचीही चोरी, त्यात पत्रिका यावी हेच नवल. आणि लग्न कोणाचं, तर कानाचं! पासष्टी उलटलेला, जन्मभर ‘मला कोण पत्करणार’ म्हणत हिंडलेला माझा मित्र. आम्ही दोघं एकाच छापखान्यात म्हातारे झालो. तो खिळे जुळवायचा, मी मुद्रितं तपासायचो. तो उंच, सडपातळ, ताठ, म्हणून काना. मी बुटका, गोल, आणि माळ्यावरच्या खोलीत सगळ्यांच्या डोक्यावर बसून काम करणारा, म्हणून अनुस्वार. बोलणंही तसंच, नाकातल्या नाकात. आमची खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडायची.

पत्रिका त्याने जुन्या यंत्रावर स्वतःच्या हाताने छापलेली होती. स्वच्छ, देखणी. वेळ होती, नोंदणी कार्यालयाचा पत्ता होता, आणि शेवटची ओळ होती, ‘आपली अनुपस्थिती प्रार्थनीय.’

मागे निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘अनुस्वारा, वाचून परत पाठव. काना.’

मी विचारात पडलो. विचारात पडायला मला फारसं काही लागत नाही म्हणा. ऱ्हस्वदीर्घाशी कानाचं जुनं वैर, पण ‘उ’च्या जागी ‘अनु’ हे चुकून होत नाही. ते खिळे शोधून, उचलून बसवावे लागतात. म्हणजे मुद्दाम केलेलं. ज्यांना बोलावता येत नाही त्यांना हसत हसत सांगायचं, की बाबांनो, येऊ नका. कल्पना झकास होती. त्या न बोलावलेल्यांत आपण आहोत, इतकंच जरा लागलं. आणि परत पाठव कशासाठी? कागद कमी पडला असेल. हीच पत्रिका पुढे आणखी कोणाला दाखवायची असेल.

भाची माझ्याकडेच राहते. तिचं ऑफिस तेव्हा आमच्या जेवणाच्या टेबलावर भरायचं. कानावरचा हेडफोन बाजूला करून ती म्हणाली, “मामा, फोन करून सरळ विचारा ना.”

“काय विचारू? मला बोलावलंयस का, असं?”

“हो.”

“असं विचारल्यावर तो बिचारा नाही कसं म्हणेल? म्हणजे मीच मला बोलावल्यासारखं झालं.”

“आणि चूक असली तर?”

“लग्नाच्या पत्रिकेत चूक काढू? शोभतं का ते?”

“तुम्हाला? माझा निकाल हातात घेतल्यावर तुम्ही आधी ‘उत्तीर्ण’चा रफार तपासला होतात. अभिनंदन नंतर.”

मी कागद पुढे ओढला. एक मजकूर कोरडा झाला, दुसरा गळ्यात पडल्यासारखा. तिसऱ्यात ‘नवदांपत्य’ हा शब्द लिहिला आणि कानाचे पांढरे केस आठवून, थट्टा वाटेल म्हणून खोडला. मग लग्नाचा दिवसच उजाडला.

मी दाढी केली, ठेवणीतला शर्ट काढला. भाची दारात उभी.

“निघालात कुठे?”

“जरा पाय मोकळे करून येतो.”

“इस्त्री करून?”

“लांबूनच बघेन गं. समोरच्या फुटपाथवरून. त्याला दिसणारसुद्धा नाही.”

“म्हणजे अनुपस्थित राहायला चाललात. थांबा, मीही येते. अशा कामाला एकट्याने जाऊ नये.”

नोंदणी कार्यालयासमोर घड्याळदुरुस्तीचं एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर आम्ही मास्क लावून उभे राहिलो. पलीकडे रांगेसाठी रस्त्यावर पांढरी वर्तुळं काढली होती, आणि एकेका वर्तुळात एकेक माणूस सोंगटीसारखा उभा. दारापाशी काना. कोट घातलेला, नेहमीपेक्षाही ताठ. शेजारच्या वर्तुळात वधू. या बाई शिवणकाम करायच्या. कानाचे कान मागे, हनुवटी पुढे, त्याला तयार मास्क कुठलाच बसेना म्हणून तो त्यांच्याकडे माप द्यायला गेला. मग नाडी सैल झाली म्हणून गेला, घट्ट झाली म्हणून गेला. शेवटी बाईंनीच विचारलं, “तुमचं काम नाडीशी आहे की माझ्याशी?” हे त्याने मला फोनवर सांगितलं होतं, आणि सांगताना इतका हसला की मला पुढचं ऐकू आलं नाही.

बाईंच्या मागे त्यांचा भाऊ आणि भावजय. मास्कमुळे सगळे ओरडून बोलत होते, त्यामुळे रस्त्यापलीकडे आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

“साक्षीदार तीन लागतात,” दारातले अधिकारी म्हणाले. “इथे दोनच आहेत.”

बाई कानाकडे वळल्या. “तिसरा तुमच्याकडचा होता ना?”

“येईल.”

“येतो म्हणालेत का?”

“नाही.”

“मग काय म्हणालेत?”

“काहीच नाही. तो काही म्हणत नसतो.”

“अहो, काही म्हणाले नाहीत तर येतील कसे? आणि हे मला आत्ता सांगताय?”

“मागे रांग आहे,” अधिकारी म्हणाले. “आजची वेळ गेली तर पुढची कधी मिळेल, मी सांगू शकत नाही. परवा पुन्हा सगळं बंद होतंय.”

कोण हा गाढव, ज्याच्यापायी कानाचं लग्न अडलंय? पुढे व्हावं, म्हणावं की मी आहे, चालेन का? पण मी पुढे झालो आणि तेवढ्यात खरा साक्षीदार आला तर? सगळ्यांसमोर पुन्हा मागे यायचं? पाय पायरीला चिकटले ते चिकटलेच.

“मामा,” भाची म्हणाली, “जाताय की नाही?”

“दोन मिनिटं वाट बघू. येईल तो.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, “ओ काका! मामा इथे आहेत! अनुपस्थित उभे आहेत!”

सगळ्या सोंगट्या एकदम वळल्या. कानाचा लांबलचक हात वर गेला.

“अनुस्वारा! अरे, तिथे काय करतोयस? ये इकडे, बस माझ्या डोक्यावर!”

रस्ता कसा ओलांडला, आठवत नाही. समोर पोहोचलो तर हा म्हणतो, “पत्रिका कुठाय?”

“खिशात.”

“परत पाठव म्हटलं होतं.”

“पण तूच छापलंयस, अनुपस्थिती...”

“मग! जन्मभर माझा एक उकार तू सोडला नाहीस. म्हटलं, एवढा धडधडीत ‘अनु’ बघितल्यावर तू तो खोडणार आणि मुद्रित परत धाडणार. तेच तुझं ‘येतो’. तुला तोंडाने विचारलं असतं तर महिनाभर विचार करत बसला असतास.”

“मला वाटलं, जे येणार नाहीत त्यांच्यासाठी छापली असशील.”

“छापलीच एक! पाच माणसांचं लग्न, पत्रिका कोणाला वाटू?”

मला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, चष्म्यावर मास्कची वाफ आली. नक्की काय पुसावं कळेना.

“या दोघांच्या विनोदापायी माझं लग्न राहत होतं,” बाई म्हणाल्या. “भाऊजी, आत चला आधी. नंतर तुम्हा दोघांना बघते.”

आत ओळख पटवण्यासाठी मास्क खाली घ्यायला सांगितलं. बाईंनी घेतला. काना बघतच राहिला. “नीट बघून घ्या,” त्या म्हणाल्या, “अजून सही व्हायचीय.” अधिकारीसुद्धा हसले. सही करायच्या आधी मी तो सगळा कागद वाचला. काना मागून कण्हत होता, “आटप रे!” पण वाचल्याशिवाय सही कशी करणार? एकही चूक नव्हती. काना-मात्रा जागच्या जागी. मी नाव लिहिलं. अक्षर बरं आलं.

बाहेर आलो तर भाचीने कोपऱ्यावरच्या बेकरीतून केक आणला होता. बाईंच्या भावाने फोनवर गाणं लावलं. मला वाटलं, आता हळूच निघावं. तेवढ्यात बाईंनी पर्समधून शिवणकामाची टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं.

“टेप ताठ ठेवायची, भाऊजी. अंतर राहतं आणि नाचताही येतं.”

“मी? नाही हो वहिनी, मला...”

“मला एवढं थांबवलंत, त्याची भरपाई आहे ही.”

तर मी नाचलो. म्हणजे टेप नाचली आणि मी तिच्यामागून गेलो. काना आमच्याभोवती फिरत होता, गुडघे न वाकवता. रांगेतल्या सोंगट्या आपापल्या वर्तुळात टाळ्या वाजवत होत्या, आणि दारातले अधिकारी “पुढचे! पुढचे कोण?” असं ओरडत होते, पण पुढच्यांना नाच सोडवत नव्हता.

संध्याकाळी घरी आल्यावर मी पत्रिका टेबलावर ठेवली आणि लाल पेन घेतलं. नुसता ‘अनु’ खोडला तर ‘पस्थिती’ उरते, म्हणून समासात ‘उ’ लिहिला. खाली शेरा मारला, ‘बाकी निर्दोष. छापायला हरकत नाही.’

“अहो मामा, लग्न झालं! आता कशाला पाठवताय?” भाची म्हणाली. “एकुलती एक पत्रिका आहे, ठेवून द्या जपून.”

“परत पाठव म्हटलंय त्याने.”

ती चपला घालून माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं सरकवून मी पत्ता पुन्हा वाचायला लागलो. घराचा क्रमांक बरोबर होता. गल्लीच्या नावातली वेलांटी मात्र जरा...

“सोडा, मामा.”

मी सोडलं.