दिव्यानी टेबलाखाली

मूल गावातल्या राइस मिलमध्ये बिलं करणाऱ्या दिव्यानीला भर दुपारी काही समजेनासं झालं. मशीनची घरघर, हमालांचा कल्ला, कोंड्याचा वास, मिचमिचणारी ट्यूबलाइट, सगळं एकदमच अंगावर आलं. समोरच्या गिऱ्हाइकाचे नुसते ओठ हलताना दिसत होते. कान दाबून ती टेबलाखाली जाऊन बसली.

मालक बाबूभाई वाकले. "काय झालं बेटा? कोनी काई बोललं काय?"

"नाई भाऊ. आवाज बहुत होऊन राह्यला."

"आवाज तर रोजचाच हाये."

तेच तर तिलाही कळत नव्हतं. डॉक्टरांनी ऑटिझम म्हटलं होतं, पण ते यांना कसं सांगावं?

बाबूभाईंनी लाइट बंद केली, गिऱ्हाइकाला बाहेर नेलं, दार लोटून घेतलं. आता बरंच शांत होतं, तरी आत्ताच रडू का येतंय, हे तिला उमगेना.